गाणं कधी सुरू होतं?

धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पियानो पाहिलेला असतो तो पडद्यावर. आणि पडद्यावरच्या पियानोने आजवर कुणाचं भलं केल्याचं ऐकिवात नाही. 'अंदाज'मध्ये (१९४९) त्याच्यापुढे दिलीपकुमार बसला, 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर, 'ब्रह्मचारी'मध्ये (१९६८) शम्मी कपूर. बसणारा सुटाबुटात, भोवती पार्टी, हातात ग्लास धरून उभे पाहुणे. गाण्यातून तो काय सुचवतोय ते त्या अख्ख्या दिवाणखान्यात एक-दोघांनाच कळतं आणि त्यांचा चेहरा उतरतो. एवढ्या पुराव्यावरून आमच्या आईने फार पूर्वीच निष्कर्ष काढून ठेवला होता. पियानो वाजला की कुणाचं तरी जमलेलं मोडणार.

म्हणून मी घरात पहिल्यांदा शोपँ या संगीतकाराचा पियानो लावला, तेव्हा आई डाळ निवडायची थांबली आणि नीट मांडी घालून बसली. बातमी वाईट असली तरी बसून ऐकून घ्यायची, ही तिची रीत. दोन मिनिटं गेली, चार गेली.

"हात चांगला हाय त्याचा," ती म्हणाली, "पण गाणं कधी सुरू होतं?"

यात गाणं नाही, नुसता पियानोच आहे, असं मी सांगितलं.

"मग एवढं वाजवायलाय कशापायी?"

हा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल तर वाटो. मी तेव्हा लावलेले ओपस २८चे प्रील्यूड १८३९ मध्ये छापून आले, तेव्हा खुद्द शूमान चक्रावला होता. प्रील्यूड म्हणजे मुख्य रचनेआधी बोटं मोकळी करायला वाजवायचा तुकडा. शोपँने असे २४ तुकडे दिले आणि मुख्य रचना दिलीच नाही. काही तर मिनिटभरातच संपतात. शूमानसारख्या संगीतकाराला प्रश्न पडला, तर आमच्या आईला का पडू नये? तिच्या प्रश्नातलं मराठी तेवढं मराठवाड्याचं होतं.

त्या तुकड्यांची जन्मकथा मात्र तिला लगेच पटली. १८३८च्या हिवाळ्यात शोपँ खोकत खोकत मायोर्का बेटावर गेला. पॅरिसहून पियानो मागवला होता, तो बंदरावर जकातवाल्यांनी अडकवून ठेवला. भरमसाट पैसे मागितले, पत्रव्यवहार झाला, आठवड्यांमागून आठवडे गेले. पियानो सुटून मठातल्या त्याच्या खोलीत पोहोचला, तेव्हा त्याचं बेट सोडायचं जवळ आलं होतं. "नाक्यावर काहीतरी द्यायला पायजे होतं," आई म्हणाली. तेव्हापासून शोपँविषयी तिला आपुलकी आहे. संगीताविषयी अजून नाही.

प्रत्यक्ष पियानोचं म्हणाल, तर आमच्या ओळखीच्या एकाही घरात तो नाही आणि यायची शक्यताही दिसत नाही. मैफलीचा मोठा पियानो नऊ फूट लांब आणि वजनाला ४८० किलोच्या घरात असतो. आतल्या तारांचा एकूण ताण सुमारे २० टन. एवढं धूड हातगाडीवर घालून गल्लीत आणलं, तरी मे महिन्याच्या उन्हात त्याचे सूर कुठल्या कुठे जातील. ते जुळवायला पुण्या-मुंबईचा माणूस बोलवायचा, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च, दोन वेळचं जेवण. शिवाय तो तुळजापूरला दर्शन घडवल्याशिवाय परत जाणार नाही. आमच्या जिल्ह्यातून उस्मानाबादी शेळी जगभर नाव काढते. (जिल्हा २०२३ पासून धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) पण बाहेरून पियानो आत येत नाही. त्यामुळे इथे ध्वनिमुद्रण हीच मैफल. खऱ्या मैफलीची सर त्याला नाही, असं म्हणणारे लोक खऱ्या मैफलीच्या गावात राहतात.

कॅसेटच्या काळात त्यासाठी मुंबईला, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जावं लागायचं. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. तिथून आणलेल्या कॅसेटचा खरा कस लागायचा तो इकडे, भारनियमनात. माझे एक स्नेही कळंबला शिक्षक होते. पाश्चात्त्य संगीतातला या भागातला शेवटचा शब्द त्यांचा, कारण दुसरा शब्द बोलणारं कुणी नव्हतं. एका संध्याकाळी लाईट गेली म्हणून मी टेपरेकॉर्डर सेलवर लावला. आर्थर रुबिनस्टाइन शोपँचं नॉक्टर्न वाजवत होता. गुरुजी मला रुबाटो समजावत होते. वादक लय कशी कुठे ओढून धरतो, कुठे सोडतो, आणि तरी तोल कसा जाऊ देत नाही.

"बघा, बघा, आता काळाला कसा धरून ठेवलाय," गुरुजी म्हणाले.

रुबिनस्टाइनने काळाला चांगलाच धरून ठेवला होता. तो आणखी संथ झाला. मग सूरही थोडा खाली उतरला. "व्यथा आहे ही," गुरुजींनी डोळे मिटले. व्यथा वाढत गेली आणि एका सुरावर रुबिनस्टाइन जो थांबला तो थांबलाच. "आणि हा विराम!" गुरुजी कुजबुजले. आम्ही त्या विरामात बराच वेळ बसलो. तेवढ्यात लाईट आली, गल्लीतली पोरं ओरडली आणि टेप पूर्ण वेगात सुरू झाला. गुरुजींनी डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "शेवटी मात्र घाई केली."

मी त्यांना सेलचं कधीच सांगितलं नाही. वडीलधाऱ्या माणसाचं एवढं तरी राखावं.

नॉक्टर्न हे रात्रीचं संगीत. जॉन फील्ड नावाच्या आयरिश माणसाने हा प्रकार रूढ केला, शोपँने तो पार कुठल्या कुठे नेला आणि २१ नॉक्टर्न मागे ठेवून १८४९ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. आता रात्रीचं संगीत ऐकायला रात्री जागं असणारा माणूस पाहिजे, आणि आमच्या घराण्यात तसा एकच आहे: येरमाळ्याकडे शेती करणारा धाकटा भाऊ. त्याच्या शेतावर थ्री फेज येते ती मध्यरात्रीच्या सुमाराला. मग अंगावर घोंगडं, हातात बॅटरी आणि खोरं घेऊन तो हरभऱ्याला दारं धरायला जातो. माणूस नाही, वाहन नाही, वर आभाळभर चांदण्या. युरोपातल्या दिवाणखान्यांना जी रात्र मेणबत्त्या लावून उभी करावी लागायची, ती माझ्या भावाला महावितरणच्या वेळापत्रकात फुकट मिळते. मी मोठ्या हौसेने त्याच्या मोबाईलवर नॉक्टर्न घालून दिले.

तिसऱ्या नॉक्टर्नला त्याचा बांधावरच डोळा लागला. दारं फुटलं आणि पाणी शेजाऱ्याच्या काढणीला आलेल्या ज्वारीत गेलं. सकाळी भावाचा फोन. "दादा, हे झोपेचं औषध हाय. उभं राहून ऐकायचं असंल तर काहीतरी दुसरं दे."

मग मी त्याला लिस्ट दिला. दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी. ती सुरू झाल्याबरोबर त्याचा पोरगा जेवणावरून उठून आला. "पप्पा, हे तर टॉम अँड जेरीचं!" पोरगं बरोबर बोललं. १९४७चं 'द कॅट कॉन्सर्टो'. टॉम टेलकोट घालून मैफलीला बसतो, जेरी पियानोत झोपलेला असतो, आणि दोघं मिळून लिस्टचं जे करतात त्याला ऑस्कर मिळालं. जगातल्या किती पोरांनी लिस्ट ऐकलाय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. मी भावाला सांगू लागलो की लिस्ट त्या काळचा केवढा मोठा माणूस, १८४४ मध्ये कवी हाइनेने त्याच्यावरच्या वेडाला 'लिस्टोमेनिया' असं नावच देऊन टाकलं, बायका त्याच्या सिगारचं थोटूक उचलून जपून ठेवायच्या. भाऊ म्हणाला, "असंल. पण हे मांजराचं चांगलं हाय. झोप येत नाही." आता तो दारं धरायला जाताना मांजराचं लावतो. ज्याच्या वाजवण्यावर बर्लिनच्या सरदारण्या मूर्च्छित पडायच्या, त्याच्या संगीतावर येरमाळ्याच्या रानात हरभरा भिजतो. लिस्टची याला हरकत असायचं कारण दिसत नाही. तो स्वतः शेतीवाडीच्या मुलखातच जन्मला होता.

इथपर्यंत घरच्यांनी सहन केलं. खरी फूट पडली ती मी एकच रचना वेगवेगळ्या वादकांची गोळा करू लागलो तेव्हा. हा छंद बाहेरच्याला समजावून सांगणं अवघड असतं आणि घरच्याला अशक्य. आपल्याकडे एकच राग दहा गवयांचा ऐकला तर कुणी बोलत नाही, कारण दर वेळी गवई काहीतरी नवं करणार हे धरलेलं असतं. इथे तसं नाही. प्रत्येक सूर कागदावर छापलेला. कुठला जोरात, कुठला हळू, पाय कुठे दाबायचा, सगळं लिहिलेलं.

"म्हणजे सगळे लिहिलेलंच वाजवतात ना?" बायकोने विचारलं.

"हो."

"एकसुद्धा सूर कमीजास्त नाही?"

"नाही. म्हणजे कॉर्तोचे थोडे चुकायचे, पण ते—"

"मग एक ऐकलं की झालं की! तलाठी बदलला म्हणून सातबारा बदलतो का?"

उत्तर देण्यासारखं बरंच होतं, पण आमच्याकडे तलाठी बदलल्यावर सातबारा बदलल्याचीही उदाहरणं असल्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही. तेवढ्यात तिला कुठूनतरी जॉईस हॅटोचं प्रकरण कळलं. कुठूनतरी म्हणजे माझ्याकडूनच.

हॅटो ही इंग्लंडातली पियानोवादक. आजारपणामुळे मैफली केव्हाच सोडलेल्या. पण तिच्या नावावर तिच्या नवऱ्याने उतारवयात शंभरावर सीडी बाजारात आणल्या. शोपँ, लिस्ट, ब्राम्स, काही बाकी ठेवलं नाही. जाणकारांनी तोंड भरून लिहिलं. आजारी बाई, एवढी ताकद, एवढी समज! २००६ मध्ये ती वारली. पुढच्या वर्षी कुणीतरी तिची लिस्टची सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर नाव आलं लास्लो सिमोन. मग एकेक उकरलं गेलं. नवरा दुसऱ्यांच्या सीडी उचलायचा, कुठे वेग किंचित कमीजास्त करायचा आणि वर बायकोचं नाव छापायचा. नंतर त्याने कबुलीही दिली, की हे सगळं तिच्यासाठी केलं.

"बघा," बायको म्हणाली, "तुमच्या जाणकारांनासुद्धा कळलं नाही कोण वाजवतंय." हा घाव वर्मी होता. मग थोडं थांबून म्हणाली, "पण काही म्हणा, माणसानं बायकोचं नाव तर लावलं. आपल्याकडं एक गुंठा बायकोच्या नावावर करायचा म्हटलं तर चार बैठका होतात."

माझ्या बाजूने मुद्दा होता आणि तो मी मांडला. संगणकाला संगीत ओ की ठो कळत नाही. त्याने फक्त प्रत्येक तुकडा किती मिनिटं किती सेकंद चालतो ते पाहिलं, आपल्या यादीशी ताडून पाहिलं आणि माणूस ओळखला. सूर तेच, कागद तोच, पण तो वाजवायला दोन माणसांना सारखा वेळ लागत नाही. शोपँचा तो 'मिनिट वॉल्ट्झ' घ्या. मिनिटात कुणाचाच होत नाही. कुणाला पावणेदोन मिनिटं, कुणाला दोन. "हे मला पटतं," बायको म्हणाली. "एसटीचंही वेळापत्रक छापलेलंच असतं."

आवाजाच्या बाबतीत मात्र आम्ही बरोबरीत सुटलो. हे संगीत शांततेत ऐकायचं असतं, असा एक समज आहे. आमच्या गल्लीत शांतता नसते. पहाटे काकडा, सकाळी घंटागाडी, मग भंगारवाला, दुपारी कुठल्यातरी सभेची रिक्षा, नवरात्रात तुळजापूरला चालत निघालेली मंडळी आणि त्यांचे संबळ, लग्नसराईत डीजे. शूमानचं 'ट्रॉयमेराई' तीन मिनिटांच्या आत संपतं. तेवढी सलग तीन मिनिटं मला घरात कधी मिळाली असतील तर ती मुख्यमंत्री येऊन गेले त्या दिवशी, रस्ता बंद होता तेव्हा. पण नीट कान दिला, तर शांतता त्या ध्वनिमुद्रणांतही नसते. पाखमान नावाचा वादक वाजवता वाजवता बोलायचा. बैठकीत श्रोत्यांनी द्यायची ती दाद हा स्वतःच स्वतःला द्यायचा, आणि ते बोलणं तबकड्यांवरही उतरलंय. ब्राम्सने १८८९ मध्ये एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या हंगेरियन नृत्याचा तुकडा वाजवून ठेवला. तो मी लावला तर बायको स्वयंपाकघरात धावली आणि फोडणी करपतेय का ते पाहून आली. कढईच चुलीवर नव्हती. ग्लेन गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, आणि मुद्रणवाल्यांना काही केल्या ते काढता यायचं नाही. त्याचे ब्राम्सचे इंटरमेझी लावले, तेव्हा आईने झटकन मान वर केली.

"झालं बघ सुरू," ती समाधानाने म्हणाली. "आवाज लई बारीक ठेवलाय पण."

एकदाच ती काही न विचारता शेवटपर्यंत बसली. दिनू लिपाटीची बेझांसाँची मैफल, १६ सप्टेंबर १९५०. माणूस तेहतीस वर्षांचा, आजाराने पार खंगलेला, डॉक्टर नको म्हणत असताना आलेला. शोपँचे चौदाही वॉल्ट्झ वाजवायचे ठरले होते. तेरा झाले, चौदाव्याला अंगात बळ उरलं नाही. डिसेंबरात तो गेला. मी हे आधी सांगितलं होतं, त्यामुळे आई बोटांवर मोजत होती. तेरावा संपला तेव्हा तिने चौदाव्याचं बोट तसंच धरून ठेवलं आणि म्हणाली, "राहू दे. तेरा लई झाले."

मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये आपल्या वारलेल्या चित्रकार मित्राच्या प्रदर्शनावरून रचलेल्या मालिकेत 'जुना किल्ला' नावाचा एक तुकडा आहे. संथ, खाली एकच सूर शेवटपर्यंत ठोकत राहणारा. किल्ल्याचं संगीत किल्ल्यात ऐकावं म्हणून एकदा पावसाळ्यात मी ते नळदुर्गला नेलं. पाणीमहालाजवळ उभं राहून कानात घातलं. बोरी नदी भरून नर-मादी धबधब्यांवरून पडत होती. तिच्या आवाजात पियानोचा पहिला सूरही ऐकू आला नाही. शिट्टी तेवढी आली, रखवालदाराची, कारण मी कठड्याच्या फार जवळ उभा होतो. मोठं काम करणारे धबधबे जवळ असले की पियानोने गप्प बसावं, हे मला तिथे मान्य झालं.

या तुकड्याचं माझ्याकडचं सगळ्यात लाडकं ध्वनिमुद्रण रिख्तरचं, सोफियातलं, फेब्रुवारी १९५८. अख्खी मालिका त्याने अशी वाजवलीय की आजही तिचं नाव निघतं. आणि सभागृहात अख्खी थंडी येऊन बसलेली. बल्गेरियाची राजधानी रात्रभर खोकतेय आणि रिख्तर वाजवतोय.

तर बायकोशी चाललेला वाद मिटवायचं मी ठरवलं. कळंबचे गुरुजी आले होते, भाऊ आणि त्याचा पोरगाही होता, शेजारचे काका भज्यांच्या वासाने आले. 'जुना किल्ला' तीनदा लावणार, वादकांची नावं सांगणार नाही, फरक तुम्ही सांगायचा. जॉईस हॅटोच्या नवऱ्याचं स्मरण करून मी पहिलं आणि तिसरं एकच लावलं, सोफियाचं. मध्ये दुसऱ्याच कुणाचं तरी.

पोरग्याला दुसरं आवडलं, कारण ते लवकर संपलं. भावाने तिन्हींवर दारं फुटेल असं मत दिलं. काकांनी किल्ला कुठला ते विचारलं आणि परांडा नाही म्हटल्यावर भज्यांकडे वळले. आई म्हणाली की तिघांनाही गळा नाही, म्हणून बिचारे वाजवतात. गुरुजींनी मात्र चष्मा काढला.

"पहिला वादक किल्ला बाहेरून बघतो," ते म्हणाले. "तरुण आहे, त्याला बुरूज दिसतात. तिसरा त्या किल्ल्यात राहून आलाय. त्याचा तो खालचा सूर ऐकलात? वयाशिवाय नाही येत तो. दोघांत निदान वीस वर्षांचं अंतर आहे."

मी बायकोकडे पाहिलं. ती भज्यांचं ताट खाली ठेवत होती.

"पहिला अन् तिसरा एकच माणूस आहे," ती म्हणाली.

"कशावरून?" गुरुजींनी विचारलं.

"खोकणारा तोच आहे. त्याच जागेवर, दोनदा."

गुरुजींनी चष्मा पुसला, घातला, एक भजं उचललं आणि थोडा विचार केला.

"असेल," ते म्हणाले. "पण तिसऱ्या वेळेला तो जास्त समजून खोकला."